डिस्क घरबशी की भटकी?

मामेबहिणीच्या लग्नाचा व्हिडिओ स्टुडिओवाल्याने एकाच सलग फाइलमध्ये दिला. साडेसहा जीबी. मामांनी ३२ जीबीचा कोरा पेनड्राइव्ह माझ्या हातात ठेवला आणि म्हणाले, "एवढं यात टाकून दे रे, मावशीला पाठवायचंय." टाकायला गेलो, तर विंडोजने सांगितलं की फाइल फार मोठी आहे. ड्राइव्ह अख्खा रिकामा, फाइल त्याच्या जेमतेम पाचव्या हिश्शाएवढी आणि तरी मोठी! मामांचं निदान तयारच होतं. "डुप्लिकेट माल. बाजारात हल्ली सगळं असंच."

दुकानदाराचा बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. पेनड्राइव्ह फॅट३२ या फाइल सिस्टिममध्ये फॉरमॅट केलेला होता. तिच्यात प्रत्येक फाइलचा आकार लिहून ठेवायला ३२ बिटांचाच रकाना असतो. त्या रकान्यात मावणारा सर्वांत मोठा आकडा ४,२९,४९,६७,२९५. म्हणजे चार जीबीला एक बाइट कमी. त्यापुढची फाइल, मग ड्राइव्हवर कितीही जागा असो, आत जाऊच शकत नाही. मी तो ड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करून दिला आणि प्रश्न सुटला असं मला तेव्हा वाटलं.

नवी डिस्क घेतली की फॉरमॅटच्या खिडकीत हा प्रश्न तुमच्यासमोरही येतो: एनटीएफएस, एक्सफॅट, फॅट३२. लिनक्सवाल्यांच्या यादीत ईएक्सटी४, बीटीआरएफएस, एक्सएफएस अशी आणखी नावं. बहुतेक जण ‘सगळ्यात फास्ट कुठली?’ असं विचारतात. तबकडीच्या हार्ड डिस्कवर घरगुती वापरात हा फरक तुम्हाला जाणवणारही नाही. तिथे वेग ठरतो तो तबकडी आणि तिच्यावरच्या सुईच्या हालचालीवर. मी उलट विचारतो, ही डिस्क घरबशी आहे की भटकी? एकाच कॉम्प्युटरच्या पोटात जन्म काढणार आहे, की टीव्ही, भाच्याचा मॅक, ऑफिसचा लॅपटॉप असं दारोदार फिरणार आहे? याचं उत्तर मिळालं की निम्मी निवड झाली.

फाइल सिस्टिम म्हणजे काय, हे समजायला आपल्याकडे तलाठ्याच्या दप्तरासारखं दुसरं उदाहरण नाही. डिस्क ही जमीन. तिचे लहान लहान गट पाडलेले असतात. कुठला गट कुणाच्या नावावर, कुठला पडीक, एकाच मालकाचे तुकडे कुठे कुठे विखुरलेत, हे सगळं दप्तरात. दप्तर नसेल तर जमीन असते तिथेच असते, पण तुमची कुठली ते कुणी सांगू शकत नाही. तुम्ही फाइल डिलीट करता तेव्हा कुणी शेत नांगरायला जात नाही, फक्त उताऱ्यावरचं नाव खोडलं जातं. म्हणून तर चुकून उडवलेले फोटो पुष्कळदा परत मिळतात, दुसऱ्या कुणी तिथे पेरणी करण्याआधी हालचाल केली तर. ‘क्विक फॉरमॅट’ म्हणजे जुनं दप्तर बाजूला टाकून कोरं मांडणं. जमिनीवर त्यानेही नांगर फिरत नाही, त्यामुळे जुनी डिस्क विकताना क्विक फॉरमॅटवर विसंबू नका. विंडोज व्हिस्टापासून पुढे पूर्ण फॉरमॅट मात्र डिस्कभर शून्यं लिहितो. त्याला मोठ्या डिस्कवर कित्येक तास लागतात, पण विकायच्या डिस्कसाठी ते तास घालवावेत.

याच दप्तरातला दुसरा प्रकार म्हणजे फेरफार. खरेदीखत झालं म्हणून तलाठी थेट सातबारा खोडत बसत नाही. आधी गाव नमुना ६ मध्ये फेरफाराची नोंद पडते, ती प्रमाणित झाली की सातबाऱ्यावर नाव चढतं. चांगल्या फाइल सिस्टिमी असंच करतात. ‘अमुक ठिकाणी अमुक बदल करतोय’ हे आधी एका वहीत लिहायचं, मग खरा बदल करायचा. या वहीला जर्नल म्हणतात. मध्येच वीज गेली तर पुन्हा सुरू होताना कॉम्प्युटर ती वही उघडतो, अर्धवट राहिलेला व्यवहार एक तर पुरा करतो नाही तर रद्द करतो, आणि दप्तर पुन्हा जुळतं. जर्नल नसलेल्या सिस्टिममध्ये नाव एका पानावरून खोडलेलं आणि दुसऱ्या पानावर न चढलेलं, अशी अवस्था होऊ शकते. मग फोल्डर उघडत नाही, फाइलींची नावं चित्रविचित्र दिसतात, आणि विंडोज विचारतं की डिस्क फॉरमॅट करायची का. त्या क्षणी ‘हो’ म्हणू नका, एवढं तरी लक्षात ठेवा.

आपल्या गावांमधून हा मुद्दा पुस्तकी नाही. पावसाळ्यात दिवसातून चार वेळा वीज जाते. घरात इन्व्हर्टर असतो, पण त्यावर पंखे आणि दिवे चालतात, डेस्कटॉप बहुतेक घरांत थेट मेनवर असतो. अशा घरातल्या आतल्या डिस्कवर जर्नल नसलेली फाइल सिस्टिम ठेवणं मला पटत नाही. मायक्रोसॉफ्टच्या एनटीएफएसमध्ये जर्नल आहे, १९९३ मध्ये विंडोज एनटी ३.१ बरोबर ती आली तेव्हापासून. लिनक्सच्या ईएक्सटी घराण्यात ते २००१ मध्ये ईएक्सटी३ बरोबर मुख्य कर्नलमध्ये आलं. फॅट३२ आणि एक्सफॅट या दोघींमध्ये ते नाही. त्यातही फॅट३२ दप्तराच्या निदान दोन प्रती ठेवते. एक्सफॅट साधारणपणे एकच.

जर्नल दप्तर सांभाळतं, पीक नव्हे, हेही सांगून टाकतो. घरगुती वापरातल्या नेहमीच्या मांडणीत नोंद होते ती नावांची, जागांची, आकारांची. वीज जाण्याआधी तुम्ही सेव्ह न केलेला हिशोब गेला तो गेलाच.

आता घरबशा डिस्का. विंडोजच्या घरात प्रश्नच नाही: एनटीएफएस. विंडोज स्वतः राहते तो भाग एनटीएफएसच असतो, आणि त्याच मशीनमधली दुसरी डिस्कही एनटीएफएस ठेवा. ‘अ‍ॅलोकेशन युनिट साइज’ या रकान्याला हात लावू नका, डिफॉल्ट ४ केबी असतो तो योग्य आहे. घरात दोन-तीन जणांची वेगळी खाती असतील, तर कोणी कुठलं फोल्डर उघडायचं हेही एनटीएफएसला ठरवून देता येतं. एक्सफॅटला मालकी हा प्रकारच माहीत नाही.

जाता जाता एक जुनी सवय. आपल्याकडे कॉम्प्युटर जोडून देणारा मुलगा न विचारता एका डिस्कचे सी, डी, ई असे तीन भाग पाडून देतो, आणि मंडळी ‘फोटो डी-ला पण आहेत, ई-ला पण आहेत’ म्हणून निर्धास्त असतात. तबकडी एकच आहे हो! ती बंद पडली की सी, डी, ई एकाच दिवशी जातात. भाग पाडायला हरकत नाही, पण एका भागातली प्रत दुसऱ्या भागात ठेवण्याला बॅकअप म्हणू नये.

घरात लिनक्स असेल, तर माझं मत ईएक्सटी४. २००८ मध्ये ती वापरायला तयार म्हणून जाहीर झाली, तेव्हापासून इतक्या यंत्रांवर इतकी वर्षं चालली आहे की तिचे बहुतेक खाचखळगे माहीत झाले आहेत. बिघडली तर दुरुस्तीचं साधन प्रत्येक वितरणात हजर असतं. तिची एक खोड मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. ईएक्सटी४ फॉरमॅट करताना एकूण जागेतली ५ टक्के जागा मूळ प्रशासकासाठी राखून ठेवते. ऑपरेटिंग सिस्टिम ज्या भागावर आहे तिथे हे शहाणपणाचं, कारण डिस्क तुडुंब भरली तरी मशीन चालू राहतं. पण नुसते फोटो आणि सिनेमे ठेवायच्या ४ टीबीच्या डिस्कवर ही राखीव जागा होते २०० जीबी! अशा डिस्कवर ती ‘ट्यूनटूएफएस’ या आज्ञेने एका टक्क्यावर आणा. डेटा पुसावा लागत नाही.

बीटीआरएफएसचा मोह मला समजतो. २००७ पासून घडत आलेली, २०२० मध्ये फेडोरा ३३ ने डेस्कटॉपसाठी डिफॉल्ट केलेली ही सिस्टिम दोन खरोखर सुंदर गोष्टी करते. एक, स्नॅपशॉट: अपडेटच्या आधीची अवस्था क्षणात जपून ठेवते, बिघडलं तर मागे जाता येतं. दोन, प्रत्येक तुकड्याची चेकसम ठेवते, त्यामुळे डिस्कवर वर्षानुवर्षं पडलेला फोटो आतून सडला असेल तर वाचताना ते लक्षात येतं. ईएक्सटी४ आणि एनटीएफएस फाइलच्या मजकुराबाबतीत हे करत नाहीत. पण एकच डिस्क असेल तर बीटीआरएफएस फोटो सडलाय एवढंच सांगू शकते, बरा करू शकत नाही. बरा करायला दुसरी प्रत लागते. स्नॅपशॉटही त्याच तबकडीवर असतात. आणि डिस्क काठोकाठ भरली की हिचं वागणं ईएक्सटी४पेक्षा चिडकं होतं. रोज लिनक्स वापरणाऱ्या, थोडं वाचायची तयारी असणाऱ्या माणसाने जरूर घ्यावी. आईवडिलांच्या कॉम्प्युटरवर तुम्ही पुण्यात आणि ते सांगलीत असताना नको.

झेडएफएस ही सन मायक्रोसिस्टिम्सची कमाल चीज, पण ती दोन-चार डिस्का आणि भरपूर मेमरी असलेल्या घरच्या सर्व्हरसाठी. एक्सएफएस मोठ्या फाइलींना उत्तम; तिच्यावरचा भाग नंतर वाढवता येतो, लहान करायची पाळी आली तर पंचाईत. आणि नव्याच्या हौसेबद्दल एकच दाखला देतो. बीकॅशएफएस नावाची नवी फाइल सिस्टिम २०२४ च्या सुरुवातीला लिनक्सच्या कर्नलमध्ये दाखल झाली आणि पुरती दोन वर्षं व्हायच्या आत बाहेरही काढली गेली. तांत्रिक गुण तिच्यात होते. पण मुलांच्या बारशाचे फोटो असल्या धरसोडीच्या मैदानात कशाला ठेवायचे?

मॅकवाल्यांचं थोडक्यात उरकतो. आतली एसएसडी एपीएफएसच असते, २०१७ च्या हाय सिएरापासून. बाहेरची तबकडीची डिस्क फक्त मॅकलाच लावायची असेल, तर जुनी ‘मॅक ओएस एक्स्टेंडेड’ अजूनही बरी, कारण एपीएफएस एसएसडी डोळ्यांपुढे ठेवून घडवली आहे आणि तबकडीवर ती कालांतराने रेंगाळते. टाइम मशीनच्या बॅकअपसाठी मात्र मॅक जे मागेल ते द्या.

आता भटक्या डिस्का. खरा गोंधळ इथेच होतो. एनटीएफएसची डिस्क मॅकला लावली की फाइली दिसतात, उघडतात, पण लिहिता येत नाही. लिनक्समध्ये २०२१ च्या ५.१५ कर्नलपासून एनटीएफएसवर लिहिण्याची नवी सोय आली, त्याआधीही वेगळ्या सॉफ्टवेअरने जमत होतंच. पण एनटीएफएस खरोखर बिघडली तर तिचा वैद्य विंडोजच्या घरी राहतो. ज्या घरात एकही विंडोज मशीन नाही, तिथे एनटीएफएसची डिस्क बाळगू नका.

एकाच कॉम्प्युटरवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असणाऱ्यांची एक नेहमीची तक्रार: ‘लिनक्समधून डी ड्राइव्ह उघडतो, पण त्यात काही सेव्ह होत नाही.’ डिस्क खराब झालेली नसते. विंडोजचं ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल, तर शट डाउन केल्यावर विंडोज पूर्ण मिटत नाही, अर्धवट झोपते, आणि दप्तर उघडं ठेवून झोपते. लिनक्स शहाणपणाने त्याला हात लावत नाही. पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन ते फास्ट स्टार्टअप बंद करा.

जवळपास सगळीकडे लिहिता-वाचता येणारी म्हणजे एक्सफॅट. मायक्रोसॉफ्टने ती २००६ मध्ये काढली, ३२ जीबीवरच्या एसडी कार्डांसाठी तीच ठरली, आणि २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने तिचा तपशील खुला केल्यावर लिनक्सच्या कर्नलमध्येही ती आली. चार जीबीची अडचण नाही. विंडोज, मॅक, बहुतेक नवे फोन ओळखतात. व्हिडिओ इकडून तिकडे न्यायला याहून सोयीचं काही नाही.

पण तिचे दोन हिशोब माहीत असू द्या. ३२ जीबीवरच्या ड्राइव्हवर विंडोज एक्सफॅटचे गट १२८ केबीचे पाडते. फाइल पाच केबीची असली तरी तिला अख्खा गट द्यावा लागतो. एका मोठ्या व्हिडिओला याने काही फरक पडत नाही. पण कॉलेजातल्या मुलाने पाच पाच केबीच्या एक लाख फाइलींचं प्रोजेक्ट तिथे ठेवलं, तर खरा माल ५०० एमबी आणि व्यापलेली जागा तेरा जीबीच्या आसपास! एनटीएफएसवर हेच ८०० एमबीच्या घरात बसेल. असली फोल्डरं झिप करून मगच एक्सफॅटवर टाकावीत. दुसरा हिशोब जर्नलचा. ते नाही, म्हणून कॉपी संपली असं दिसलं तरी ‘सेफली रिमूव्ह’ केल्याशिवाय वायर ओढू नका. घरात कुणी ओढणारं असेलच, तर त्या डिस्कवर कुठल्याही गोष्टीची एकुलती एक प्रत ठेवू नका.

फॅट३२ मग कुणासाठी? गाडीतल्या म्युझिक सिस्टिमसाठी, आजोबांच्या भजनं वाजवणाऱ्या डब्यासाठी, जुन्या टीव्हीसाठी. चार जीबीचं गाणं कुणाकडे नसतं. इथे विंडोजची एक गंमत आहे. फॅट३२ स्वतः २ टीबीपर्यंत जाऊ शकते, पण फॉरमॅटच्या खिडकीत वर्षानुवर्षं ३२ जीबीच्या पुढे तिचा पर्यायच दिसत नसे. ती खिडकी मायक्रोसॉफ्टचे तेव्हाचे अभियंते डेव्ह प्लमर यांनी १९९४ च्या सुमारास तात्पुरती म्हणून केली होती, आणि ही मर्यादाही त्यांनीच घातली. पुढे त्यांनी स्वतःच हे सांगितलं. तात्पुरतं म्हणून केलेलं काम किती टिकतं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

मराठीत फाइलींना नावं देणाऱ्यांसाठी थोडं वेगळं. विंडोजवर नावाला २५५ चिन्हांची मर्यादा आहे. ईएक्सटी४वर २५५ बाइटांची. आणि देवनागरीच्या एका चिन्हाला तीन बाइट लागतात. काना, मात्रा, अनुस्वार, जोडाक्षरातला हलन्त, सगळे सुटे मोजले जातात; ‘लक्ष्मी’ एवढ्याशा नावाचे २१ बाइट होतात. म्हणजे लिनक्सवर नाव साधारण ८५ चिन्हांत आटपायला हवं. विंडोजवरून कॉपी करताना ‘आजीच्या पंचाहत्तरीच्या’ने सुरू होणारी ऐसपैस नावाची फाइल अडकली, तर दोष डिस्कचा नसतो. उलट दिशेने, लिनक्स किंवा मॅकवर नावात प्रश्नचिन्ह टाकलं, तर विंडोज ते घेणार नाही.

याहून छुपी भानगड ‘ऱ’ची. कऱ्हाडमधला किंवा वाऱ्यातला हा ऱ कॉम्प्युटरमध्ये दोन तऱ्हांनी साठवता येतो: एकच अक्षर म्हणून, किंवा र आणि त्याखालचा नुक्ता अशी जोडी म्हणून. डोळ्यांना दोन्ही सारखेच. मॅकची जुनी फाइल सिस्टिम असली अक्षरं फोडून ठेवते. ईएक्सटी४ जे येईल ते जसंच्या तसं ठेवते. त्यामुळे मॅकवरून आलेलं ‘कऱ्हाड’ फोल्डर आणि तुम्ही टाइप केलेलं ‘कऱ्हाड’ फोल्डर लिनक्सवर शेजारी शेजारी, दोन वेगळी, सुखाने नांदू शकतात, आणि शोधायला गेलं की एकच सापडतं. भटक्या डिस्कवर मी म्हणून फोल्डरांची नावं आखूड ठेवतो आणि गावाआधी साल टाकतो.

डिस्क हलवायची गरजच नसेल तर आणखी सोपा मार्ग आहे. ती एका कॉम्प्युटरला कायमची जोडा, त्याच्या मनासारख्या फाइल सिस्टिममध्ये ठेवा, आणि बाकीच्यांना घरच्या वायफायवरून शेअर करा. नेटवर्कवरून येणाऱ्या मॅकला किंवा फोनला मागे एनटीएफएस आहे की ईएक्सटी४, हे कळतही नाही. तीन तऱ्हेची यंत्रं असलेल्या घराला मी हाच सल्ला देतो.

प्रत्यक्ष फॉरमॅट करताना घाई नको. १ टीबीची डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसते. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या, कुणी चोरी केलेली नाही. २ टीबीहून मोठी डिस्क असेल तर सुरुवातीला जीपीटी निवडा, एमबीआर निवडलंत तर पुढची जागा वापरता येणार नाही. यादीत दोन डिस्का दिसत असतील तर नावावर न जाता आकार पाहून खात्री करा, आणि शक्य असेल तर दुसऱ्या डिस्कची वायर त्या पाच मिनिटांपुरती काढूनच ठेवा. नंतर मत बदललं तर? फॅट३२ची एनटीएफएस विंडोजमधल्या ‘कन्व्हर्ट’ आज्ञेने डेटा न पुसता होते, तीही एकाच दिशेने. एक्सफॅटला ही सोय नाही. डेटा दुसरीकडे काढा, फॉरमॅट करा, परत आणा.

आणि फॉरमॅटच्या आधी, डिस्क ज्या ज्या यंत्राला लागणार आहे त्यांची नावं एका कागदावर लिहा, टीव्हीसकट. टीव्हीच्या पुस्तिकेत तो काय वाचतो ते छापलेलं असतं. मामांच्या पेनड्राइव्हच्या वेळी मी हे विचारलं नव्हतं. मावशीच्या टीव्हीने एक्सफॅट ओळखलीच नाही. शेवटी लॅपटॉप एचडीएमआयच्या वायरने जोडून सगळ्यांनी लग्न पाहिलं.